विजेचे कूळ आणि विजेचे काम

मानवी त्रिकास्थीच्या पाठीमागील बाजूस, मध्यरेषेच्या उजव्या-डाव्या अंगांस चार-चार अशी एकूण आठ छिद्रे असतात, आणि मूत्राशय, मलाशय व जननेंद्रिये यांचा कारभार ज्यांच्या स्वाधीन आहे त्या मज्जातंतूंपर्यंत पोहोचण्याचा जवळचा रस्ता याच छिद्रांतून जातो. चिनी सूचिचिकित्सेच्या परंपरेत या आठ स्थानांना मिळून ‘बाल्याओ’ असे नाव आहे, आणि लघवीच्या व ओटीपोटाच्या तक्रारींवर तेथे सुया टोचण्याची वहिवाट फार जुनी आहे. १९८० च्या दशकात सॅन फ्रान्सिस्को येथील तनाघो व श्मिट या मूत्रविकारतज्ज्ञांनी प्राण्यांवरील प्रयोग आणि शरीररचनेचा अभ्यास यांच्या आधाराने तिसऱ्या छिद्रातून एक विद्युदग्र आत सरकवून बेताल मूत्राशयाला वळण लावण्याची पद्धत सिद्ध केली, आणि १९९७ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने त्या उपकरणावर मान्यतेची मोहोर उमटवली. जागा तीच, आणि हेतूही पुष्कळ अंशी तोच. परंतु यांपैकी एका उपायाचा उल्लेख होताच सुशिक्षित डॉक्टर स्मित करून विषय बदलतो आणि दुसऱ्याचा उल्लेख होताच तो अदबीने खर्चाचा अंदाज सांगू लागतो.

ऋषीचे कूळ आणि नदीचे मूळ विचारू नये, असे आपल्याकडे म्हणतात; परंतु औषधोपचाराच्या बाबतीत आपण कुळाखेरीज दुसरे काही विचारीतच नाही. उपचार पूर्वेकडचा आहे असे कळताच निम्मा समाज त्याला हात जोडतो आणि उरलेला निम्मा त्याची टवाळी करतो, आणि या दोन्ही पक्षांना तो उपचार प्रत्यक्षात काय करतो हे पाहण्याची गरज सारखीच भासत नाही. मज्जारज्जूच्या दुखापतीवरील विद्युत्-सूचिचिकित्सा, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेले इलेक्ट्रोॲक्युपंक्चर, हे या दुहेरी आळसाचे चांगले उदाहरण आहे. आणि तिच्या अभिमान्यांनी तिच्या नावावर जो सर्वांत मोठा दावा रुजू केला आहे तो पुराव्याअभावी फेटाळला पाहिजे, परंतु ज्या लहान दाव्यांकडे तिचे विरोधक ढुंकूनही पाहत नाहीत त्यांची सुनावणी मात्र नीट आणि लवकर झाली पाहिजे, असे माझे मत आहे.

मज्जारज्जू हा सुमारे ४५ सेंटिमीटर लांबीचा, मऊ, मणक्यांच्या नळीत सुरक्षित ठेवलेला तंतूंचा जुडगा होय. झाडावरून पडणे, बैलगाडीवरून वा दुचाकीवरून कोसळणे, विहिरीत सूर मारताना तळाचा खडक मानेवर बसणे, बंदुकीची गोळी, क्षयाने पोखरलेला मणका यांपैकी कोणतेही कारण असो, तो चिरडला गेला की त्या पातळीच्या खालचे शरीर मेंदूच्या हुकमतीतून निघून जाते. केवळ पाय लुळे पडतात असे नव्हे. लघवी-शौचाची आज्ञा सुटते, त्वचेला दाब कळेनासा होऊन व्रण पडतात, घाम, रक्तदाब, उष्णता यांचे नियमन बिघडते. इजिप्तमधील एडविन स्मिथ पपायरस या सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या वैद्यकीय दस्तऐवजात मानेचा मणका निखळून हातापायांची जाणीव गेलेल्या माणसाचे वर्णन आले आहे, आणि हा रोग उपचार करण्याजोगा नाही असा शेरा तेथील वैद्याने निःसंकोचपणे मारला आहे. हा शेरा दुसऱ्या महायुद्धापर्यंत जवळजवळ जसाच्या तसा टिकला. तो बदलला तो औषधाने वा शस्त्राने नव्हे, तर शुश्रूषेने. लुडविग गटमान या जर्मनीतून परागंदा झालेल्या चेतासंस्थातज्ज्ञाने १९४४ मध्ये इंग्लंडातील स्टोक मँडेव्हिल येथे रुग्णांना दर दोन तासांनी कुशीवर वळवणे, मूत्राशय स्वच्छ ठेवणे, त्यांना उठवून बसवणे आणि काम व खेळ यांत गुंतवणे असा रोखठोक दिनक्रम लावला, आणि जे लोक पूर्वी शय्याव्रणांनी व मूत्रमार्गाच्या दोषांनी अल्पावधीतच दगावत ते दशकानुदशके जगू लागले. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली अधू झालेले सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर यांनी १९७२ मध्ये हायडेलबर्ग येथील पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर जलतरणाचे सुवर्णपदक जिंकले, ते याच विचाराच्या परंपरेत. या विषयातील पहिला खरा विजय परिचारिकांचा आहे, ही गोष्ट पुढील सर्व विवेचनात वाचकाने ध्यानी ठेवावी.

परंतु जगणे आणि पूर्ववत् होणे यांत अंतर आहे, आणि माणसाची आशा दुसऱ्यावर बसते. प्रौढ प्राण्याच्या केंद्रीय चेतासंस्थेतील तुटलेले तंतू पुन्हा वाढत नाहीत, असा निष्कर्ष स्पेनचा महान शरीरसंशोधक रामोन इ काहाल याने विसाव्या शतकाच्या प्रारंभी काढला होता. १९८० आणि १९८१ मध्ये माँट्रियल येथे ॲग्वायो आणि त्याच्या सहकाऱ्यांनी उंदराच्या पायातील मज्जातंतूचा तुकडा मज्जारज्जूत बसवून दाखवला आणि त्या परक्या वातावरणात तेच तंतू सेंटिमीटर-सेंटिमीटर वाढतात असे सिद्ध केले. म्हणजे दोष तंतूंच्या शक्तीत नसून त्यांच्या भोवतालच्या परिसरात पुष्कळ अंशी असल्याचे निष्पन्न झाले. हा शोध मोठा होता, परंतु त्यापासून मनुष्याच्या पायापर्यंतचा रस्ता अजून सापडलेला नाही. प्रयोगशाळेतील शक्यता आणि रुग्णशय्येवरील प्रत्यक्ष यांच्यामधील ही पोकळी ज्याला लवकर दिसते तो तेथे दुकान थाटतो. बीजिंगमध्ये या शतकाच्या आरंभी भ्रूणापासून घेतलेल्या पेशी शेकडो परदेशी रुग्णांच्या मज्जारज्जूत टोचल्या गेल्या. डॉबकिन, कर्ट व गेस्ट या तिघा तज्ज्ञांनी त्यांपैकी सात जणांना शस्त्रक्रियेच्या आधी आणि नंतर तपासले, तेव्हा उपयुक्त सुधारणा कोणातही आढळली नाही, आणि सातांपैकी पाच जणांत मात्र गुंतागुंत उद्भवली होती. त्यांचा हा अहवाल २००६ सालचा आहे.

त्या मानाने सुई ही निरुपद्रवी दिसते, आणि तिची ख्याती पाच हजार वर्षांची म्हणून सांगितली जाते. या पाच हजार वर्षांची कैफियत जरा तपासून पाहण्याजोगी आहे. चीनच्या सम्राटाने १८२२ मध्ये आपल्या राजवैद्यकीय संस्थेतून सूचिचिकित्सेला हद्दपार केले होते. १९२९ मध्ये राष्ट्रवादी सरकारच्या आरोग्यमंडळाने देशी वैद्यकच मोडीत काढण्याचा ठराव केला होता आणि तो केवळ वैद्यांच्या चळवळीमुळे बारगळला. सुईला वीज जोडण्याची कल्पना तर चिनीही नाही. फ्रान्समधील लुई बेर्लिओझ या खेड्यातल्या डॉक्टराने, जो पुढे प्रसिद्धीस आलेल्या संगीतकाराचा पिता, १८१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात तशी सूचना केली, आणि १८२५ मध्ये सार्लांदिएर याने संधिवातादी विकारांवर सुईतून विजेचे झटके देण्यासंबंधी स्वतंत्र पुस्तकच लिहिले. चीनमध्ये ही जोडणी रूढ झाली ती १९५० च्या दशकानंतर, शस्त्रक्रियेच्या वेळी भूल म्हणून सुया वापरण्याचे प्रयोग सुरू झाले तेव्हा. कारण तासन् तास हाताने सुया फिरवीत बसणाऱ्या माणसाचे मनगट थकते, यंत्राचे थकत नाही. तात्पर्य, ज्या उपचाराला आपण प्राचीन प्राच्य विद्या म्हणून नमस्कार करतो किंवा नाक मुरडतो, तो आजच्या रूपात मॅट्रिकच्या परीक्षेपेक्षा फारसा जुना नाही.

महाराष्ट्राचा या कथेशी एक तिरकस संबंध आहे. १९३८ मध्ये काँग्रेसने चीनला जे पाच डॉक्टरांचे पथक पाठवले त्यात सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस आणि नागपूरचे चोळकर होते. कोटणीस १९४२ मध्ये तेथेच निवर्तले आणि आख्यायिकेत गेले. त्याच पथकातील कलकत्त्याचे डॉ. बिजयकुमार बसू यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस पुन्हा चीनला जाऊन सूचिचिकित्सा आत्मसात केली आणि ती हिंदुस्थानात आणली. म्हणून आपल्याकडील कित्येक सूचिचिकित्सक कोटणिसांचे नाव भक्तिभावाने घेतात. कोटणीस स्वतः शस्त्रवैद्य होते आणि रणभूमीवर त्यांच्या हाती सुरी होती, हा तपशील त्या भक्तीत बहुधा गळतो. पश्चिमेतही अशीच एक गळती झाली. १९७१ च्या जुलैत जेम्स रेस्टन या अमेरिकन पत्रकाराचे बीजिंगमध्ये आंत्रपुच्छ काढण्यात आले, आणि त्यानंतर सुयांवरच त्याची शस्त्रक्रिया झाली अशी वदंता जगभर पसरली. वस्तुतः शस्त्रक्रिया नेहमीच्या इंजेक्शनाच्या भुलीखाली झाली होती, सुया टोचल्या त्या नंतरच्या पोटातील अस्वस्थतेसाठी, आणि रेस्टनने स्वतः हे स्पष्ट लिहिले होते.

असो. वंशावळ खोटी ठरली म्हणून उपचार खोटा ठरत नाही, हेच तर माझे म्हणणे आहे. बीजिंगच्या हान जीशेंग यांनी १९६५ पासून या विषयाचा जो चिकाटीचा अभ्यास केला, त्याने एवढे निश्चित झाले की सुईतून जाणाऱ्या प्रवाहाच्या गतीनुसार मेंदू व मज्जारज्जूत वेगवेगळी वेदनाशामक द्रव्ये पाझरतात. सेकंदाला २ स्पंदनांच्या मंद प्रवाहाने एक जातीची, १०० स्पंदनांच्या शीघ्र प्रवाहाने दुसऱ्या जातीची. येथे ‘ची’ नावाच्या प्राणशक्तीला काही काम उरत नाही. काम विजेचे आणि मज्जातंतूंचे आहे. हे ज्ञान वेदनेपुरते आहे, आणि वेदनेपुरते ते मौल्यवान आहे.

आता मोठ्या दाव्याकडे वळू. विद्युत्-सूचिचिकित्सेने मज्जारज्जूची दुखापत बरी होते, किंवा निदान हालचाल व संवेदना परत येतात, याला आधार म्हणून जो अभ्यास वारंवार पुढे केला जातो तो तैवानमधील वाँग आणि सहकाऱ्यांचा, २००३ सालचा. ताज्या व तीव्र दुखापतीचे १०० रुग्ण घेऊन त्यांचे दोन गट पाडण्यात आले; एका गटाला पुनर्वसनाच्या उपचारांसोबत हाताच्या कडेवरील व घोट्याखालील ठरावीक स्थानी वीज आणि कानात सुया देण्यात आल्या, दुसऱ्या गटाला केवळ पुनर्वसन. वर्षाअखेर पहिल्या गटाची प्रगती अधिक दिसली. ऐकताना हे निर्णायक वाटते. परंतु तपशील वाचताच दोन गोष्टी डोळ्यांत भरतात. एक, हाता-घोट्यावर वीज दिली ती सुईतून नव्हे, तर त्वचेवर चिकटवलेल्या पट्ट्यांतून. म्हणजे ज्या अभ्यासावर सुईची कीर्ती उभी आहे त्यात विजेपुरती सुई नव्हतीच. दुसरी अधिक गंभीर. दुसऱ्या गटाला बनावट उपचार दिलेला नव्हता, त्यामुळे आपल्याला काय मिळते आहे आणि काय नाही हे प्रत्येक रुग्णाला ठाऊक होते. आणि ज्या परीक्षेत स्नायूच्या जोराला रुग्णाच्या प्रयत्नावर गुण मिळतात आणि टाचणीचा स्पर्श कळला की नाही याचे उत्तर रुग्णानेच द्यायचे असते, त्या परीक्षेत हे ठाऊक असणे म्हणजे अर्धा निकाल आधीच लिहून ठेवण्यासारखे आहे.

याच्या जोडीला निसर्गाचा स्वतःचा हिशेब असतो. दुखापतीनंतरच्या पहिल्या दिवसांत मज्जारज्जू एक प्रकारच्या मूर्च्छेत असतो. सूज असते, रक्तस्राव असतो, जिवंत तंतूही मौन असतात. पहिल्या तपासणीत ‘संपूर्ण’ म्हणून नोंदलेल्या रुग्णांपैकी अदमासे पाचांत एक जण वर्षभरात कोणताही विशेष उपचार न घेता त्या वर्गातून वर सरकतो, आणि ज्यांची दुखापत मुळातच ‘अपूर्ण’ असते त्यांच्यात ही सुधारणा याहून पुष्कळच मोठी असते. म्हणून दुखापतीनंतर दुसऱ्या आठवड्यात जो कोणी रुग्णाच्या पायाला हात लावील, मग तो सूचिचिकित्सक असो, मांत्रिक असो वा रोज येणारा मालिशवाला असो, त्याला यशाचे दाखले मिळतच राहणार. त्याने लबाडी केलीच पाहिजे असे नाही. तो प्रामाणिकपणे फसतो, आणि प्रामाणिकपणे फसलेल्या माणसाची साक्ष ऐकणाऱ्याला सर्वांत अधिक पटते.

येथे सूचिचिकित्सेचा पक्षपाती मला अडवील आणि विचारील की हा कडक कायदा आमच्यासाठीच का. प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर टाळणारा टीकाकार स्वतःचाच खटला कमकुवत करतो. पाश्चात्त्य वैद्यकाने या क्षेत्रात केलेल्या चुका लहान नाहीत. मेथिलप्रेडनिसोलोन या स्टेरॉइडची अमेरिकेतील मोठी चाचणी १९९० मध्ये प्रसिद्ध झाली. एकूण रुग्णसंख्येत लाभ दिसला नव्हता, दिसला तो दुखापतीपासून आठ तासांच्या आत औषध मिळालेल्या पोटगटात, आणि तोही माफक. परंतु एवढ्या शिदोरीवर ते औषध जगभरच्या अपघातविभागांत जणू कायद्याने बंधनकारक असल्याप्रमाणे दिले जाऊ लागले. न दिल्यास कोर्टात खेचले जाऊ, या धास्तीने कित्येक शस्त्रवैद्य ते देत राहिले. २०१३ मध्ये अमेरिकन चेताशस्त्रवैद्यांच्या संघटनांनी आपल्या मार्गदर्शक तत्त्वांत त्याची शिफारस करता येत नाही असे जाहीर केले. मधल्या दोन तपांत जंतुसंसर्ग आणि जठरातील रक्तस्राव यांची किंमत कोणी मोजली, ती रुग्णांनी. गँग्लिओसाइड नावाच्या दुसऱ्या औषधाची कथाही अशीच. १९९१ मध्ये ३४ रुग्णांच्या अभ्यासात ते उजळून निघाले, आणि पुढे साडेसातशेहून अधिक रुग्णांच्या चाचणीत, जिचा निकाल २००१ मध्ये आला, मूळ कसोटीला उतरले नाही.

किंबहुना आजची सर्वांत ताजी गोष्टही पक्षपात्याच्या पथ्यावर पडणारी आहे. मानेच्या पाठीमागे त्वचेवरून वीज देऊन चतुरंग-पक्षाघात झालेल्या रुग्णांच्या हातांत बळ आणण्याच्या उपकरणाची ६० जणांवरील चाचणी २०२४ मध्ये ‘नेचर मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाली, ७२ टक्के रुग्णांना लाभ झाल्याचे सांगण्यात आले आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने परवानगी दिली. या चाचणीतही बनावट उपचाराचा गट नव्हता. प्रत्येकाला आधी दोन महिने केवळ व्यायाम आणि नंतर दोन महिने व्यायामासह वीज, एवढाच क्रम होता. येथे एक फरक नोंदवणे न्यायाचे होईल, की हे रुग्ण जुने होते आणि त्यांची नैसर्गिक सुधारणा थांबलेली होती. परंतु आशेचा आणि परीक्षकाच्या उत्साहाचा अंश तेथेही वजा झालेला नाही. वाँग यांचा अभ्यास ज्या कारणासाठी अपुरा, त्याच कारणासाठी हाही पुरता नव्हे, असे मी म्हणेन. आणि जो पहिल्याला हसून दुसऱ्याला टाळ्या देतो तो कुळच पाहतो आहे.

तथापि पक्षपात्याने यातून सुटकेचा दाखला मिळवू नये. मेथिलप्रेडनिसोलोन आणि गँग्लिओसाइड पडले, ते पाडणारी यंत्रणा त्यांच्या घरातलीच होती. सूचिचिकित्सेच्या घरात ती यंत्रणा फार काळ नव्हती. व्हिकर्स आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये निरनिराळ्या देशांत प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांची जमाखर्चाची वही मांडली, तेव्हा चीन, जपान, हाँगकाँग व तैवान येथून आलेली सूचिचिकित्सेची प्रत्येक चाचणी अनुकूल निघाल्याचे दिसले. इतर उपचारांच्या बाबतीतही चीनमधील ९९ टक्के चाचण्या यशस्वी, तर इंग्लंडमधील ७५ टक्के. ज्या न्यायालयात फिर्यादी कधीच हरत नाही त्याच्या निकालपत्रावर शहाणा माणूस किती विसंबून राहील? मज्जारज्जूवरील विद्युत्-सूचिचिकित्सेचे बहुसंख्य अभ्यास याच दफ्तरातून आलेले आहेत, आणि त्यांची एकत्र छाननी करणारे परीक्षक अनुकूल बेरीज मांडून लगेच खाली लिहितात की अभ्यासांचा दर्जा हलका आहे. जाहिरातदार बेरीज उचलतो आणि खालची ओळ कापतो.

उंदरांवरील प्रयोगांची बाजू मात्र खरोखर वाचनीय आहे. ग्वांगझोच्या सुन यात-सेन विद्यापीठातील झेंग युआनशान यांच्या गटाने पाठीच्या मध्यरेषेवरील, चिनी परंपरेत ‘डू-माई’ म्हटल्या जाणाऱ्या, स्थानी वीज दिली असता दुखावलेल्या मज्जारज्जूत न्यूरोट्रॉफिन-३ हे तंतुपोषक द्रव्य वाढते आणि तेथे रोपलेल्या मूलपेशी अधिक संख्येने तग धरतात, असे दाखवले. २०२१ मध्ये ‘नेचर’मध्ये चिऊफू मा आणि सहकाऱ्यांनी त्याहून सूक्ष्म गोष्ट सिद्ध केली. उंदराच्या मागच्या पायातील ठरावीक स्थानी मंद वीज दिली की खोल प्रावरणात पसरलेल्या विशिष्ट संवेदनतंतूंमार्फत मेंदूला, तेथून व्हेगस नाडीला आणि अखेर अधिवृक्क ग्रंथीला इशारा जातो व शरीरातील दाह कमी होतो. पोटावर दिली तर हे घडत नाही, कारण ते तंतू तेथे तसे पसरलेले नाहीत. ‘स्थान कोणतेही चालते’ असे म्हणणाऱ्या संशयवाद्याला हा चांगला शह आहे, आणि ‘स्थान ग्रंथात लिहिले म्हणून पवित्र’ असे मानणाऱ्यालाही. पण उंदराची दुखापत ठरल्या दिवशी, ठरल्या खोलीवर, ठरल्या जोराने केलेली असते, उपचार लगोलग सुरू होतो, आणि त्याच्या मज्जारज्जूत तंतूंना जे अंतर तोडायचे असते ते मिलिमीटरांत मोजता येते. मोटारसायकलवरून पडून तीन इस्पितळे फिरून आठव्या दिवशी शहरात पोचलेल्या माणसाशी त्याचे साम्य थोडे. उंदरांत यशस्वी ठरून माणसांत पडलेल्या उपायांनी या विषयाचा इतिहास भरलेला आहे. म्हणून चालते करण्याचा दावा तूर्त फेटाळलेलाच बरा.

मग उरते काय? माझ्या मते जे उरते ते, ज्याला रुग्ण खरोखर मागतो त्याच्या अधिक जवळचे आहे. किम अँडरसन यांनी २००४ मध्ये मज्जारज्जूग्रस्त ६८१ व्यक्तींना विचारले की परत मिळवायचे झाले तर प्रथम काय. चारही अंगे गेलेल्यांनी हाताचा वापर मागितला, कमरेखालचे शरीर गेलेल्यांनी लैंगिक क्षमता; आणि मूत्राशय व आतड्यांवरील ताबा दोन्ही गटांच्या यादीत वरच होता. चालणे हे आपले, धडधाकट माणसांचे, वेड आहे. सर्वांसमोर कपडे भिजू नयेत, दर वेळी नळी घालताना दुसऱ्याचा हात लागू नये, वारंवार ताप येऊन मूत्रपिंड निकामी होऊ नये, ही त्यांची मागणी आहे, आणि ती इतकी साधी की तिच्यावर कोणी विजयपताका फडकवीत नाही.

आणि नेमक्या याच ठिकाणी विद्युत्-सूचिचिकित्सेची बाजू बळकट आहे. घोट्याच्या वर आतल्या अंगाला ‘सान्यिन्जिआओ’ म्हणून जे स्थान आहे त्याच्या जवळून टिबियल नाडी जाते. १९८३ मध्ये मॅक्ग्वायर या अमेरिकन मूत्रविकारतज्ज्ञाने चिनी स्थानाचा आधार उघडपणे मान्य करून त्या नाडीला वीज दिली, आणि त्यातून आज जगभर प्रचलित असलेला टिबियल नाडीचा उपचार जन्मास आला. ज्या दवाखान्यात तो आज चालतो तेथे त्याला कोणी चिनी म्हणत नाही. त्रिकास्थीच्या छिद्रांचे वर सांगितलेच आहे. २०१७ मध्ये अमेरिकन वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात चीनमधील ५०४ स्त्रियांवरील चाचणी प्रसिद्ध झाली. खोकताना-शिंकताना लघवी सुटण्याच्या तक्रारीवर त्रिकास्थीच्या भागात विद्युत्-सूचिचिकित्सा आणि तिच्या जोडीला बनावट सुयांचा गट अशी तिची मांडणी होती, आणि सहा आठवड्यांनंतर तासाभराच्या पॅड-कसोटीतील गळती खऱ्या गटात सरासरी ९.९ ग्रॅमने तर बनावट गटात २.६ ग्रॅमने घटली. या स्त्रियांचा मज्जारज्जू शाबूत होता, म्हणून हा पुरावा आपल्या रुग्णांना तसाच लागू करता येत नाही. पण अशा चाचण्या चीनमध्येही नेटकेपणाने होऊ शकतात, हे तिने दाखवले. मज्जारज्जूग्रस्तांच्या मूत्राशयावर तैवानात चेंग आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये केलेला छोटा अभ्यास अनुकूल होता. आणि खोळंबा आहे तो त्याचीच मोठी, बनावट गटासह, परीक्षकाला गट न सांगता केलेली आवृत्ती निघण्याचा. आणखी एक विचार येथे ओघाने येतो. ज्या रुग्णाला कमरेखाली स्पर्शच कळत नाही त्याला खरी सुई आणि खोटी सुई यांतला भेद त्वचेवरून ओळखता येणार नाही. सूचिचिकित्सेच्या चाचण्यांतील जी अडचण जगभर सर्वांत कठीण मानली जाते, ती दुर्दैवाने याच रुग्णांत सर्वांत सोपी झालेली आहे. आणि तरीही बनावट उपचाराविना अभ्यास होत राहावेत, याला संशोधकांची हयगय म्हणण्यावाचून गत्यंतर नाही.

निरुपद्रवी हा शब्दही सांभाळून वापरला पाहिजे. छातीच्या सहाव्या मज्जाखंडाच्या वर दुखापत असलेल्या रुग्णाच्या बधिर शरीराला टोचले, चिमटले वा वीज दिली तर रक्तदाब अकस्मात् भडकण्याचा संभव असतो, आणि त्यातून मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो; रुग्णाला डोके ठणकते, चेहरा लाल होतो, घाम फुटतो, आणि बाजूला बसलेल्याला वाटते की औषध लागू पडते आहे. बधिर त्वचेवर विजेचे चटके बसले तरी ते रात्री अंगरखा बदलताना कळतात. हृदयात पेसमेकर असेल तर वीज वर्ज्य. छातीच्या मणक्यांच्या बाजूला खोल गेलेली सुई फुप्फुसाला भेदू शकते. यांपैकी कोणताही धोका तज्ज्ञ हाताला टाळता येत नाही असे नाही, परंतु तो ठाऊक असलेला हात हवा. सर्वांत मोठा धोका मात्र सुईत नसतो. तो असतो त्या तीन महिन्यांत, ज्यांत कुटुंबाने शेत गहाण टाकून चमत्काराची वाट पाहिली आणि कुशीवर वळवायचे राहून गेले.

महाराष्ट्राने २०१५ मध्ये सूचिचिकित्सेसंबंधी स्वतंत्र कायदा केला, आणि त्याखाली तिची परिषद स्थापन होऊन चिकित्सकांच्या नोंदणीची व्यवस्था झाली. २०१९ मध्ये केंद्र सरकारनेही या पद्धतीला मान्यतेची चौकट दिली. सनद देणे सोपे, आणि दिलेल्या सनदेचा हिशेब घेणे कठीण, हा आपल्या कारभाराचा जुना अनुभव आहे. परिषदेकडे आता तो हिशेब घेण्याचा अधिकारही आहे आणि जागाही. खडकीच्या पुनर्वसन केंद्रात पाठीचा कणा जायबंदी झालेले सैनिक राहतात. मुंबईत हाजी अलीजवळ भौतिक चिकित्सा व पुनर्वसनाची राष्ट्रीय संस्था १९५५ पासून आहे. एका बाजूला नोंदणीकृत सूचिचिकित्सक आणि दुसऱ्या बाजूला असे रुग्ण व असे तज्ज्ञ एकाच राज्यात असताना, मूत्राशयावरील एक नीट चाचणी, बनावट गटासह आणि निकाल प्रतिकूल आला तरी प्रसिद्ध करण्याच्या लेखी हमीसह, येथे उभी करणे खर्चाच्या दृष्टीने अवघड नाही. ती होईपर्यंत परिषदेने निदान एवढे करावे की ‘पक्षाघातावर हमखास इलाज’ असा फलक लावणाऱ्या आपल्या सदस्याची नोंदणी तहकूब करावी.

आणि ज्यांच्या घरी असा रुग्ण आहे त्यांना एक विनंती. सुई लावायची असेल तर लावा, वेदनेसाठी किंवा लघवीसाठी तिचा उपयोग होण्याचा संभव आहे. पण चिकित्सकाला आधी विचारा की नेमके काय सुधारेल, किती आठवड्यांत, आणि सुधारले नाही तर तो थांबणार आहे का. दुखापत छातीच्या वरच्या भागात वा मानेत असेल तर पहिल्या खेपेला रक्तदाब मोजण्याचे यंत्र शेजारी ठेवा. लघवीची वेळ, कुशीवर वळवणे, सांध्यांचा व्यायाम आणि टाचा-माकडहाडाची रोजची तपासणी एका दिवसासाठीही चुकवू नका, आणि ती थांबवायला सांगणाऱ्याच्या दारात पुन्हा जाऊ नका.